मांडीवरचा टर्बो

सौंसरात माझ्या सासऱ्यांची गाडी शेषराव मिस्त्रीनं बिघडवली, असं आजही सगळे मानतात. ती मी बिघडवली. हे तीन शब्द लिहायला मला वीस वर्षं लागली, यावरून मी किती धीराचा माणूस आहे ते तुमच्या लक्षात येईल.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. म्हणजे सासरी मी अजून नवाच जावई होतो, आणि आमच्या भागात नवा जावई काय असतो हे माहीत नसेल तर पुढचं काही कळायचं नाही. त्याला कोणी नाही म्हणत नाही. त्यानं भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर भाजी बदलतात. मीठ कमी आहे म्हटलं तर सासूबाई स्वतःला दोष देतात. आणि तो एका घराचा जावई नसतो, अख्ख्या गावाचा असतो. सौंसरात पानवाला माझ्याकडून पैसे घेताना ओशाळत असे. एवढी इज्जत मिळाली की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. मला लागलं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो, गाव पाटील म्हणायचं. त्यांची संत्र्यांची बाग होती, कापूस होता, आणि एक काळी गाडी होती. एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली, तेव्हाच म्हातारी. सपाट रस्त्यावर ती बरी चालायची. चढ आला की खोकायची, धापा टाकायची आणि मधेच उभी राहायची.

आता यात माझ्या मेहुणीचं लग्न अडकलं होतं. बेबीला पाहायला आधी एक स्थळ आलं होतं. पांढुर्ण्याला रेल्वेतून उतरलेल्या त्या पाहुण्यांना मामाजी गाडीतून सौंसरला आणत होते. अर्ध्या वाटेवरच्या चढावर गाडी थांबली. मुलाच्या बापानं, मुलानं आणि मुलाच्या काकानं इस्त्रीच्या कपड्यांत ती ढकलत वर नेली. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

आता दुसरं स्थळ येणार होतं, बैतूलकडचं. मुलगा, आई, वडील. रविवारी सकाळच्या गाडीनं. मी म्हणालो, भाड्याची जीप करू. मामाजी म्हणाले, "पाहुणे आपल्याच गाडीत येतील. शेषरावले दाखवून घेतो."

इथं मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण शाळेच्या वाचनालयात एका हिंदी मासिकात मी टर्बोवर लेख वाचला होता. आकृतीसकट. परदेशी गाड्यांत म्हणे धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, आणि जास्त हवा म्हणजे जास्त जोर. मी म्हणालो, "मामाजी, शेषरावला कशाला? या गाडीला हवा कमी पडून राहिली. तिला टर्बो पाहिजे."

मामाजींनी सुपारी कातरायची थांबवली. "ते कुठी भेटते?"

"मी घरीच करतो."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मोठ्या माणसाच्या तोंडावर भीती आणि आदर एकाच वेळी मी पहिल्यांदा पाहिला. "करा न," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात."

शनिवारी सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडलं. गाडी कापसाच्या कोठीत उभी असायची, एका बाजूला कापसाचा ढीग, एका बाजूला गाडी. धुराच्या जोरावर फिरणारं चक्र काही मला बनवता येणार नव्हतं. पण कोपऱ्यात बागेवर गंधकाची भुकटी मारायचं हातयंत्र पडलं होतं. त्याला सगळे डस्टर म्हणत. (फळा पुसायचं नव्हे. तेवढंच मी वापरत राहिलो असतो तर बरं झालं असतं.) पट्ट्यानं गळ्यात अडकवायचं, मूठ गरगर फिरवायची, आतला पंखा फिरतो आणि नळीतून वारा सुटतो. वारा म्हणजे हवा. हवा म्हणजे टर्बो. माझा आनंद गगनात मावेना.

इंजिनावरची हवा गाळायची डबी मी काढून बाजूला ठेवली. आत पाहिलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि खरं तर एकुलती एक. बाकीच्या सगळ्या तिची पिल्लं. डस्टरची टाकी उलटी करून ठोकली, गंधक रिकामं केलं, आणि नळी कार्बुरेटरच्या तोंडावर सुतळीनं सैलसर बांधली. पायाशी पत्र्याला एक भोक होतं, त्यातून नळी आत घेतली. डस्टर माझ्या मांडीवर.

शेषराव मिस्त्री दाराशी येऊन उभा होता. मामाजींनी आधीच त्याला सांगावा धाडला असावा. हात मागे बांधून तो बराच वेळ पाहत राहिला.

"काय करून राहिले जवाईबापू?"

"टर्बो."

"बरं बरं," तो म्हणाला. मग त्या काढलेल्या डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "छान आहे जी."

बेबी मात्र मेहुणी होती, तिला सगळं बोलायची मुभा होती. "जिजाजी, माझ्यावर तुमचा कोणता राग आहे?"

"का गं?"

"नाही, एक स्थळ गाडीनं घालवलं. दुसरं तुम्ही घालवून राहिले म्हणून विचारलं."

माझी बायको शालू आत देवाजवळ दिवा लावत होती. सकाळी अकरा वाजता.

दुपारी आम्ही जामसांवलीच्या मारुतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी काढली. मामाजी चालवायला, मी शेजारी मूठ फिरवायला. नाल्यापुढच्या चढावर मी जीव खाऊन मूठ फिरवली आणि गाडी काय गेली म्हणता! खोकली नाही, थांबली नाही, एखाद्या कालवडीसारखी उड्या मारत वर गेली. मामाजींनी वर पोचल्यावर गाडी थांबवली आणि मारुतीच्या दिशेला हात जोडले. मग, कधी नव्हे ते, माझ्या खांद्यावर हात ठेवला. परतताना मी खिडकीतून हात बाहेर काढून बसलो होतो.

पण संध्याकाळपासून मला भीती वाटायला लागली. उद्या नळी सुटली तर? सुतळी ढिली पडली तर? बेबीच्या आयुष्याची दोरी म्हणजे ती दोन आण्यांची सुतळी. मला जेवण गेलं नाही. रविवारी पहाटे उठून मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि नळी कार्बुरेटरला अशी करकचून आवळली की मुंगीलाही आत शिरायला फट राहू नये.

इंजिनात जाणाऱ्या हवेलाही तीच अडचण होणार होती, हे माझ्या विज्ञानात बसलं नाही.

पांढुर्ण्याला जाताना रस्ता बहुतेक उताराचा. गाडी जरा कुरकुरत होती. मी म्हणालो, सकाळचा गारठा आहे. स्टेशनवर पाहुणे उतरले. मुलाचे वडील पोस्टातले, कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. आई ठेंगणी, शांत. मुलगा नारायण, पांढरा सदरा, केसांना भरपूर तेल. तिघं मागे बसले. मी पुढे बसलो, डस्टरचा पट्टा गळ्यात घातला.

"ये क्या है?" वडिलांनी विचारलं.

"टर्बो," मामाजी म्हणाले. आवाजात अभिमान होता. मी खाली पाहिलं.

सपाटीवरचे पाच मैल कसेबसे गेले. मग चढ दिसला. मी मूठ फिरवायला लागलो, आधी हळू, मग जोरात. गरर्र गरर्र. मागून मुलाच्या आईचा आवाज आला, "अहो, हे पाहुणे काय दळून राहिले?"

"चुप बैठो," वडील म्हणाले.

गाडी अर्ध्या चढावर आली आणि तिचा श्वास कोंडला. धक्के द्यायला लागली. मामाजी दात आवळून म्हणाले, "जवाईबापू, जोरात." मी दोन्ही हातांनी फिरवलं. गाडी एकदा थरथरली, आणि तेवढ्यात डस्टरच्या आत काहीतरी खुळखुळलं. खड्ड्यांच्या धक्क्यानं कोपऱ्यातलं घट्ट बसलेलं गंधक सुटलं होतं. इंजिन भडकलं तर नळीत जाळ येतो. आणि गंधक पेट घेतं, हे मीच सातवीच्या वर्गाला सांगतो, दरवर्षी, निळी ज्योत आणि घाणेरडा वास. प्रश्न परीक्षेत हमखास असतो. मी मनात एवढंच म्हणालो, देवा, मला जाळ, मागच्या तिघांना नको. बेबीचं लग्न आहे.

फट्ट.

जाळ आला नाही. पण इंजिनानं उलटा दिलेला तो एक जबरदस्त फुत्कार नळीतून डस्टरमध्ये आला, टाकीचं झाकण उडवलं, आणि डस्टरमध्ये उरलेलं सगळं गंधक गाडीत सोडलं.

काही वेळ काहीच दिसलं नाही. सगळं पिवळं. मग दारं उघडली आणि माणसं बाहेर पडली. मुलाचे वडील शिंकत होते. मी मोजायचा प्रयत्न केला, सातनंतर सोडून दिला. मामाजींचं टोपीखालचं तेवढं कपाळ मूळ रंगाचं होतं. मुलाच्या आईनं पदरानं डोळे पुसले. मी नारायणाकडे पाहायचं धाडस केलं. तेल लावलेल्या केसांवर आणि तोंडभर गंधक असं बसलं होतं की भुवया आणि मिशा ओळखू येईनात. दिसत होते फक्त डोळे, लाल आणि ओले, आणि ते माझ्यावर खिळलेले. मला वाटलं, संपलं. घरी बेबी आरशासमोर उभी असेल, आणि मी इथं तिचं वाटोळं केलं.

वडिलांनी शिंका आवरल्या. "किसने लगाया ये?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण मामाजी आधी बोलले. "आमचा मिस्त्री आहे एक. गावठी माणूस. पाहतो मी त्याले." नवा जावई चार लोकांत खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. आणि मी तोंड मिटलं, हे माझं पाप.

तेव्हा मुलाच्या आईनं आपल्या लेकाकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "पाहा," ती म्हणाली, "मुलगी पाहिली नाही अन् पोराले हळद लागून गेली."

नारायण हसला. पिवळ्या तोंडात पांढरे दात. त्याच्या हसण्यानं वडील पुन्हा शिंकले. रस्त्याकडेच्या विहिरीवर सगळ्यांनी तोंडं धुतली. मी घाबरत घाबरत नळी ओढून काढली आणि फेकून दिली, आणि गाडी तशीच, टर्बोविना, उघड्या कार्बुरेटरवर, एका दमात चढ चढून गेली.

सौंसरला अंगणात शेषराव उभा होता. पाहुण्यांसमोर मामाजींनी त्याला पाच मिनिटं झापलं. अक्कल काढली, हातातलं कसब काढलं. शेषरावनं सगळं ऐकून घेतलं. त्याची नजर माझ्या गळ्याकडे होती. मी खाली पाहिलं. डस्टर अजून गळ्यातच होता.

"चुकलं पाटील," तो म्हणाला.

आत बेबी पोहे घेऊन आली. केसांच्या मुळांशी अजून पिवळा असलेल्या नारायणाला पाहून तिला हसू आवरेना, त्यालाही आवरेना, आणि त्याच्या आईनं तिथंच सांगितलं की आम्हाला मुलगी पसंत आहे.

मी कोठीत पळालो. शेषराव तिथं होता. मी काढून ठेवलेली डबी त्यानं उघडली होती. आत कापूस. गच्च. वर्षभर कोठीत उडालेला कापूस, आणि त्यात उंदरानं केलेलं घर. गाडीला श्वास घ्यायला जागाच नव्हती. डबी काढली तेव्हाच ती बरी झाली होती. माझा टर्बो नुसता मांडीवर बसला होता, माझ्यासारखाच.

"पाच मिनिटाचं काम होतं जी," शेषराव म्हणाला.

"मग काल बोलला काहून नाहीस?"

"तुम्ही गावचे जवाई होय. जवायाले कोण सांगते?"

"शेषराव, मी मामाजींना सांगतो आत्ताच."

"आता नका सांगू. पाटील तोंडघशी पडतील." त्यानं कापूस खिशात घातला. "दिवा लावायले वात होईल."

मी सांगितलं नाही. दर वर्षी दिवाळीला त्याच्या घरी फराळ नेत राहिलो. तो घ्यायचा, "काहून आणला जी," म्हणायचा आणि गाडीचा विषय काढायचा नाही. त्यानं एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नारायण सासरी आला आणि दुपारी मामाजींचा रेडिओ खोलून बसला. आतली धूळ पुसतो म्हणाला. मामाजी त्या रेडिओशिवाय जेवत नसत. संध्याकाळी त्यांनी बटण फिरवलं, रेडिओ मुका. सगळं घर ओसरीवर होतं. पंप दुरुस्त करायला आलेला शेषराव पायरीवर चहा पीत होता.

"हे कोणी केलं?" मामाजींनी विचारलं.

त्यांची नजर नारायणावर गेली. तो पांढरा पडला होता. मग ती नजर अगदी सावकाश तिथून निघाली आणि माझ्यावर येऊन थांबली. नवा जावई आल्यावर जुना जावई काय होतो, ते मला त्या क्षणी कळलं.

"माझ्याच हातून झालं मामाजी," मी म्हणालो.

शेषराव पायरीवर थोडा सरकला आणि शेजारची जागा हातानं झटकून दिली. मी जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यासाठी खोटं बोललो होतो, आणि मला वाटलं, निदान कोणीतरी म्हणेल, छे, हे तुमचं काम नव्हे. बेबी तसं म्हणाली नाही. सासूबाईही म्हणाल्या नाहीत. शालूनं तर मान हलवून चहाचा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, "मला वाटलंच होतं."