कापसाच्या खोलीतली कॅसेट

घरात नवा कापूस आला, त्याचा वास सुटला, की मला ती कॅसेट आठवते. माझ्या दिरानं, संजूभाऊनं, स्वतःची रॉकची गाणी कापसाच्या खोलीत बसून टेप केली होती, तिथं आवाज घुमत नाही म्हणून. ती कॅसेट पेपरात परीक्षणाला पाठवली, तेव्हा सासरे आबा बोलले होते, पेपरवाले हसले तर गिटार इकून टाकीन. परीक्षण छापलेला पेपर आला तशी मी बाळाला कडेवर घेऊन दारातच थांबले, आत जायचा धीर होईना. आबांच्या हातात पेपर थरथरत होता, मला वाटलं रागानं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पोरगा बेसूर ओरडतो, पण खरं ओरडतो." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "हाऊ माना पोऱ्या शे! माझा पोरगा! मंगल, लाव टेप, मोठ्ठ्यानं लाव!"

आता लेकाचा शाळेचा निकाल हातात घेताना कळतं, आबा माझ्याहून जास्त घाबरले होते.