गोल शिक्क्याची दहावी

माझी शाळा आठवीत सुटली. आमच्या हिंगोलीकडच्या गावात वर्ग सातवीपर्यंतच होते. आठवीसाठी शेजारच्या गावी चालत जावं लागे. दिवाळीपर्यंत गेले, मग घरच्यांनी "झालं एवढं बास" म्हटलं आणि मीही फार रडले नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या सातपूरच्या नोकरीमागे नाशिकला आले. पंचवटीत खोली मिळाली आणि दोन वर्षांनी जवळच्याच अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम मिळालं. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खाऊ शिजवायचा, हातपाय धुवायचे. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. त्यांना बरं नसलं की तेही मीच करायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. सेविकाबाई काम सोडायच्या बेतात होत्या. म्हणाल्या, "माझ्या जागी तूच बस. पोरांना तुझी सवय आहे. फक्त दहावी करून टाक." करून टाक, जणू रात्री डाळ भिजत घालायची होती.

मी एका शाळेत चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म दाखवला. पातळ, मळकट कागद. शिवाय वर्षभर थांबायचं, आणि परीक्षा बोर्डाची, म्हणजे नापास व्हायची पुरती सोय.

त्याच आठवड्यात शेजारच्या फुलवाल्या मावशींनी एक पत्रक आणून दिलं. सहा महिन्यांत दहावी, घरबसल्या. "माझ्या भाचीनं केली की. लय सोपी हाय," मावशी म्हणाल्या. "तू तर दिवसभर पोरांना अक्षरं शिकवती, तुला काय अवघड?"

भाजीबाजाराजवळच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्या पत्रकवाल्यांची खोली होती. तिथल्या सरांनी नमुन्याचं प्रमाणपत्र समोर ठेवलं. जाड कागद, सोनेरी काठ, खाली बोटाला लागेल असा उठावाचा गोल शिक्का. "दिल्लीचं बोर्ड आहे, ताई. तुमच्या इथल्या मुक्त विद्यापीठासारखंच समजा."

आमच्या गावाकडे कागद वाचत नाहीत, शिक्का बघतात. चौकोनी असेल तर दुकानदाराचा किंवा सोसायटीचा, गोल असेल तर सरकारचा. वडिलांनी शिकवलेलं कागदांविषयीचं ज्ञान एवढंच, आणि तोवर ते कधी चुकलं नव्हतं. मी नाव घातलं.

अभ्यास मात्र मी खरा केला. नवरा दुसऱ्या पाळीला गेला की पुस्तक उघडायची. परीक्षेला आम्ही वीसेक जण त्याच खोलीत बसलो. दार लावून सरांनी उत्तरं फळ्यावर लिहून दिली. मला भूगोल येत होता, म्हणून मी खाली मान घालून लिहीत राहिले. सर म्हणाले, "ताई, वर बघा की. लवकर सुटाल." तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, माझ्यावर उपकार करतायत.

प्रमाणपत्र आलं आणि मी सेविकेच्या जागेचा अर्ज घेऊन अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात गेले. टेबलावर एक उतारवयाचे लिपिक होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी गुण बघितले नाहीत. शिक्काही बघितला नाही. बोर्डाचं नाव दोनदा वाचलं.

"यांना मान्यता कुणाची?"

"शिक्का आहे की, भाऊसाहेब. गोल."

"गोल शिक्का मीसुद्धा करून आणीन, चौकातून. मान्यता कुणाची ते सांगा."

मी म्हटलं, "ते म्हणाले, मुक्त विद्यापीठासारखंच आहे. घरी बसून शिकायचं."

"घरी बसून शिकणं खोटं नाही हो. त्या विद्यापीठासाठी कायदा झालाय. काय शिकवायचं, पेपर कुणी तपासायचे, सगळं ठरलेलं. उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यायला ते बसलेत. यांना विचारायचं तर कुठं जायचं? झेरॉक्सवाल्याकडे?"

"पण अभ्यास मी केलाय. खरंच."

"केला असेल. ते ह्या कागदावरून मला कसं कळावं?"

फळा बघून लिहिणाऱ्या बाईचा आणि माझा, दोघींचा कागद सारखाच होता.

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणला. "घेतला तर पोच देतो. पण मग हे तपासायला जाणार. बोगस निघालं तर सेविकेचं सोडाच, मदतनीसही राहणार नाही तुम्ही. अजून माझ्या रजिस्टरला चढलेलं नाही. परत नेता?"

मागे माणसं उभी होती. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. मी कागद उचलला, घडी घातली, पिशवीत टाकला. भाऊसाहेब म्हणाले, "सतरा नंबर भरा," आणि मागच्या माणसाला हाक मारली. त्यांनी त्या दिवशी नियम पाळला की मोडला, मला सांगता येणार नाही. माझी चूल मात्र त्यांच्यामुळे चालू राहिली.

जागा आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला मिळाली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी तिला ताई म्हणू लागले, ती मला मावशी. चांगली होती. तरी पहिले काही महिने पाटीवर तिचं अक्षर बघितलं की मी पोरांचे हातपाय धुवायला बाहेर जायची.

मी सतरा नंबर भरला. पहिल्या वेळी इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा बसले, तेव्हा निघालं. निकालाचा कागद पातळच होता. फुलवाल्या मावशींना दाखवला तर उलटसुलट करून म्हणाल्या, "मागच्याला सोनेरी काठ होता, नाय का?"

पुढच्या वर्षी आमच्या भागात दुसऱ्या अंगणवाडीची जागा निघाली. मी पुन्हा कार्यालयात गेले. भाऊसाहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण बाई. तिने कागद मूळ प्रतींशी ताडून बघितले, पोच दिली. मी तिथेच उभी राहिले.

"काय राहिलं का, मावशी?"

"हे बोर्डाकडे तपासायला जाईल ना?"

"जाईल की. सगळ्यांचंच जातं. का हो?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाठवा."