ओवाळून घेताना थांबायचं नाही

एसटीनं सुरत मागे टाकलं आणि मला परत फिरावंसं वाटू लागलं. नाशिकहून बडोद्याला मी पाहुणचाराला नव्हे, एकवीस किलोमीटर धावायला निघालो होतो. वय अठ्ठेचाळीस, नोकरी बँकेतल्या खुर्चीतली, डावा गुडघा कुरकुरणारा.

माझी ताई बडोद्याच्या वाडी भागात राहते, शाळेत शिकवते. गिरणी बंद पडल्यावर उघड्यावर आलेल्या अकरा घरांना ती आणि तिच्या मैत्रिणी धान्य पुरवतात. यंदा देणगीदार आटले. शेवटी खंडेराव मार्केटजवळचे धान्यवाले कांतिशेठ वर्षभराचं धान्य द्यायला तयार झाले, पण अट घातली: ताईच्या भावानं शर्यत न थांबता पुरी करायची.

"माझं नाव कशाला सांगितलंस?"

"तू रोज पहाटे बाहेर पडतोस ना!"

"अगं, दूध आणायला!"

संध्याकाळी शेठनी दुकानात चहा पाजला. "ऊभा नहि रहेवानुं, साहेब (थांबायचं नाही)," एवढंच म्हणाले. घाबरलो की मी खातो. घरी आल्यावर लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर चिवडा) दोन बशा संपवला.

सकाळी थंडी होती, माणसं उत्साहात होती, मी नव्हतो. चौदाव्या किलोमीटरला चिवड्यानं सूड घेतला. पोटात अशी कळ आली की एका रिकाम्या वळणावर मी दहा पावलं चक्क चाललो. मागेपुढे पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा धावू लागलो.

पाणीगेट दरवाजापाशी पाहतो तर काय, त्या अकरा घरांतल्या बायका तबकं घेऊन रस्त्यात उभ्या!

"भाऊ, ओवाळू द्या!"

"मावशी, थांबलो तर धान्य जाईल हो!"

"मग थांबू नका!" मावशी म्हणाल्या.

मी जागच्या जागी उड्या मारत राहिलो. निरांजन माझ्याबरोबर खालीवर होत होतं. कपाळाचं कुंकू नाकावर आलं, दुसऱ्या बाईचं थेट कानात गेलं. बायका हसत होत्या. मला रडू येत होतं, कारण त्यांच्यातल्या एकीच्या पायात चप्पल नव्हती.

शर्यत संपते त्या मैदानावर पोचलो. कांतिशेठ पुढे आले. "पाणीगेटला उभे राहिलात म्हणे?"

"तोंड बघा त्याचं!" ताई कडाडली. "उभ्या माणसाच्या कानात कोणी कुंकू भरतं का?"

शेठ पोट धरून हसले. संध्याकाळी पहिली पोती वाडीत उतरली.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मी ताईला ती दहा पावलं सांगितली. तिनं आजूबाजूला पाहिलं.

"कोणाला बोललास?"

"नाही."

"मग गाडीत बस, आणि गप बस."

गुडघा आता बरा आहे. धान्य दर महिन्याला जातं. बडोद्याहून फोन आला की अजून वाटतं, शेठना ती दहा पावलं कळली. इथे लिहून मोकळं व्हावं असं वाटलं खरं, पण बडोद्यात मराठी वाचणारी कितीतरी घरं आहेत, ते आत्ता आठवलं.