दर वाढला आणि दुपार मोकळी झाली

कोरपन्याजवळच्या शिवारात बायनाबाई वीस वर्षं कापूस वेचत आली होती. किलोला आठ रुपये मिळत, तेव्हा दिवस मावळेपर्यंत कमरेला बांधलेली कापसाची ओटी सुटायची नाही. चाळीस किलो भरले की तीनशे वीस रुपये. तेवढ्यात घर कसंबसं चालायचं. मागच्या वर्षी तिचा नवरा वामनराव लकव्याने अंथरुणाला खिळला. गडचांदूरच्या दवाखान्यात हातापायांचा व्यायाम करून घेत, पण चार वाजेपर्यंतच. बायनाबाई घरी पोचायची दिवेलागणीला.

यंदा मजूर मिळेनात, म्हणून शेतमालक गोपालभाऊने दर बारावर नेला. आता बाया जास्त वेचतील, असं त्याला वाटलं. पहिल्याच दिवशी दुपारी दोनला बायनाबाई काट्यापाशी उभी राहिली. सत्तावीस किलो भरले, म्हणजे तीनशे चोवीस रुपये.

"बाई, भाव मी वाढवला अन् तुमी लवकर निघून राह्यल्या? काऊन?"

"मले लागते तेवढे झाले, भाऊ. आता ह्यायले दवाखान्यात नेतो."

गोपालभाऊने आकडा वहीत मांडला. समोर पांढरंशुभ्र शेत पडलं होतं आणि आभाळ भरून येत होतं. उद्या आपल्याला कामावर घेतील की नाही, ह्या धास्तीत तिने वामनरावाला ऑटोत बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती भीतभीतच शेतात गेली. तिथे शेजारची मयुरी आधीच वेचायला लागली होती. आजवर ती कधी वेचणीला आली नव्हती.

"आठात परवडे नाई, काकू. आता शिलाई मशीन घ्याची हाय. मी अंधार पडेपर्यंत थांबतो."

तिच्यासारख्या आणखी चौघी आल्या होत्या. गोपालभाऊने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बायनाबाईजवळ आला.

"दोनले काटा करून देईन तुमचा. फक्त नागा नका करू."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या हंगामात तिने एकही दिवस चुकवला नाही, आणि दवाखान्याचाही एक दिवस चुकू दिला नाही.

संक्रांतीच्या सुमारास वामनराव काठी टेकत चुलीपर्यंत गेला. "तू बस, चहा मी मांडतो," म्हणाला. अर्धी साखर खाली सांडली. बायनाबाई उठली नाही. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली आणि चहाची वाट पाहत राहिली.