काकांच्या खांद्यावरची साडी

पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायला मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात एकटीच गेले होते. साड्या दाखवणारे काका प्रत्येक बाईला पदर खांद्यावर घेऊन आरशात बघायला सांगत होते. अंगावर आलेली वस्तू आपलीच वाटू लागते, हे मी मार्केटिंगच्या वर्गात शिकले होते. माझी पाळी आली तेव्हा मात्र काकांनी पदर स्वतःच्याच खांद्यावर घेतला.

“मला नाही देणार?” मी हळूच विचारलं.

“तुम्ही मघापासून समद्याला मान डोलावताय, ताई. खांद्यावर घेतली की नावडती बी घेऊन जाल. आईला आवडंल का, तेवढं बोला.”

मी नीट पाहिलं. “नाही आवडणार,” म्हणाले.

काका इतके खूश झाले, जणू साडी विकलीच गेली होती.