साल भर से ऐसे ही हैं

हे मी कोणालेच सांगतलं नाही. घरच्या माणसालेबी नाही. तुमालेच काहून सांगून राह्यली — माहित नाही.

मामाजी, म्हणजे माहे सासरे, लालबर्‍याच्या घरी अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. बालाघाटच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डोकं तर असं शाबूत — नातीचा पाढा चुकला की खाटेवरूनच टोकत. आन् माह्या सैपाकाले त्याईनं कधी नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेले ते वेगळेच दिसले. सलाईनची नळी उपसून राह्यले, भिंतीवरची बकरी हाकलून राह्यले — बकरी कुठची? मी हात धरले, तं साऱ्या वार्डादेखत ओरडले, "हे बाई मले उपाशी ठेवते. ताटात राख वाढते."

बाजूच्या खाटांवरच्या बाया माह्याकडे पाहू लागल्या. सकाळीच त्याईले लेकरावानी पेज भरवली होती म्या. राग आला. लाज त्याहून जास्त आली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "बाबूजी घर पे भी ऐसे थे, या अभी हुआ? सोच के बताइए. अचानक हुआ हो तो कारण ढूँढना पड़ेगा."

सोच के — तेच तं केलं म्या. बाया कान देऊन होत्या. कालपर्यंत शहाणे होते म्हटलं असतं, तं त्याईचं बोलणं खरं नसतं का वाटलं लोकाईले? मी मोठ्यानं म्हटलं, "साल भर से ऐसे ही हैं. सठिया गए हैं."

बाया हळहळल्या. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

मामाजीची लघवी तुंबली होती, अंदर पिकून राह्यली होती; त्यानंच ते बरळून राह्यले होते. ताप फणफणला तवा कुठं सापडलं. "पहले पता चलता तो," डॉक्टरीणबाई माह्या नवऱ्याले म्हणाल्या. मी तिथंच उभी होती. दवाईची चिठ्ठी घेतली आन् दुकानाकडे निघाली. भेली होती? हौ. पण भेली म्हणून ते खोटं लहान होते का?

मामाजी वाचले. पण जे घरी आले, ते मामाजी नोते. नातीले वळखत नाहीत. आता साल झालं — कोणी विचारलं तं मले खोटं बोलावं लागत नाही.

शेजारच्या बाया भेटाले येतात. मामाजी ताट चाटूनपुसून साफ करतात आन् त्याईले सांगतात, "हे मले उपाशी ठेवते." बाया हसतात. किती करते वो बिचारी, म्हणतात. मी ताट उचलते, आन् ते ऐकून घेते.