बल्ब लागला, पण कुठे कुठे!

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी स्वतःच्या हातानं बल्ब बसवला, आणि तो पहिल्याच फटक्यात लागला. तिथूनच घोळ सुरू झाला.

"रफीकभाईले बोलवा," असं बायको, सुनंदा, आधीच म्हणाली होती. रफीकभाई म्हणजे आमच्या नेरमधले वायरमन.

"एका बल्बासाठी वायरमन कायले पाह्यजे?" मी म्हणालो. पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं, त्यातून वायर ओढली (ओढताना जराशी सोलली, पण जाऊ द्या!), जोडाला चिकटपट्टी गुंडाळली (पोरीच्या वह्यांना लावायची, पारदर्शक!) आणि बटण दाबलं. लख्ख उजेड!

दुसऱ्या दिवशी वाफ्यांना पाणी देऊन सुनंदा शेडमध्ये खुरपं ठेवायला गेली. कडीला हात लावताच ओरडली, "आई वं! झटका बसला ना!"

"हिवाळ्यात बसतेच तसा. स्वेटरनं."

"मी स्वेटर कुठी घातलं हाये?"

मी जाऊन कडी धरून पाहिली. काहीच नाही! (माझ्या पायात जाड रबरी चपला होत्या. ती मात्र अनवाणी, ओल्या मातीत.) "तुले वहम आहे," असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

त्याच्या पुढच्या दिवशी वणीहून सासरे आले. आंघोळ करून ओला टॉवेल वाळत घालायला परसात गेले. कपड्यांच्या तारेचं एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं शेडच्या पत्र्याला. टॉवेल तारेवर पडला आणि सासरे चड्डीवर हातभर मागे उडाले!

"जवाईबापू! मी दोन दिवसांसाठी आलतो. नको असंन तं तोंडानं सांगा ना!"

"बाबा, तुमचा बीपी वाढला असंन."

"बीपी तारंत असते काय? चपला काढा अन् धरा तुमीच!"

मी ऐटीत चपला काढल्या, तार धरली. त्यानंतर मी जे बोललो ते कोणत्याच भाषेत नव्हतं. शुद्ध आली तेव्हा मी वांग्याच्या वाफ्यात बसलेलो होतो आणि सुनंदा मेन स्विच बंद करायला धावत होती. धावताना तिनं हात पुढे केलेला होता. त्याच हातानं तिनं ती कडी धरली होती, आणि मी तिच्या झटक्याला वहम म्हणत होतो!

रफीकभाई आले. त्यांनी टेस्टर लावला. कडीला उजेड, पत्र्याला उजेड, तारेलाही उजेड!

"भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमी शेडात बल्ब नाही लावला. पुऱ्या शेडाचाच बल्ब करून टाकला!"

त्यांनी सगळी वायर काढून पाइपातून नवी नेली, अर्थिंग केलं, करंट गळला की आपोआप बंद होणारं स्विच बसवलं.

"मी काही मदत करू का?" मी विचारलं.

"करा ना भाऊ. त्या खुर्चीवर बसा. अन् हात मांडीवर ठेवा."

आता घरात रिमोटचे सेल जरी बदलायचे असले, तरी सुनंदा आधी घराचं मेन स्विच बंद करते आणि मगच मला हाक मारते!